बडोद्याच्या दफ्तरातून एम.ए.चा लघुप्रबंध: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

इतिहासाचा लघुप्रबंध बिघडतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. विद्यार्थी आधी भारदस्त मथळा ठरवतो, त्यावर सिनॉप्सिस मंजूर करून घेतो, चार पुस्तकांवरून पहिलं प्रकरण लिहून टाकतो आणि सादर करायला दोन महिने उरले असताना कोठीच्या दफ्तरात (गुजरात राज्य अभिलेखागाराच्या बडोद्यातल्या कचेरीत) जाऊन विचारतो, "सयाजीराव महाराजांच्या शिक्षणकार्यावर काही आहे का?" आहे, आणि इतकं आहे की या जन्मात वाचून होणार नाही. त्यातलं नेमकं काय हवं, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

पुढचा क्रम बडोदा संस्थानावर काम करणाऱ्या मराठी घरातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आजोबांची मराठी आणि शाळेतली गुजराती दोन्ही येत असतील, तर या दफ्तरात तुमची निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते. उरलेली निम्मी शिस्तीची.

## सुरुवातीची तयारी

वेळ धरा वीस आठवड्यांचा. विषय आणि छापील साधनं चार आठवडे, दफ्तरातलं वाचन आठ, लेखन पाच, दुरुस्ती आणि संदर्भ तीन. लेखनाला निम्मा वेळ ठेवणारे लोक दफ्तरात कमी पडतात आणि मग रिकाम्या जागा विशेषणांनी भरतात.

सोबत हवं ते असं: एचबी पेन्सिली आणि खोडरबर (अभिलेखागारात शाईचं पेन सहसा चालत नाही), साधी वही, मोजपट्टी, भिंग, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं शिफारसपत्र, ओळखपत्राच्या दोन-तीन प्रती आणि फोटो. शिफारसपत्रात विषय आणि कालखंड दोन्ही नमूद करून घ्या. "संशोधनासाठी सहकार्य करावे" एवढंच लिहिलेलं पत्र घेऊन गेलात, तर पहिला प्रश्न "कोणत्या खात्याचे कागद?" हाच येतो.

## १. मथळ्याआधी कागद

विषय सुचला की लगेच तो लिहून देऊ नका. आधी चार ठिकाणी पाहा की त्यावर साधनं आहेत का, ती कोणत्या भाषेत आहेत आणि ती तुम्हाला वाचता येतात का.

पहिलं ठिकाण म्हणजे विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय. गोविंदभाई देसाई आणि क्लार्क यांनी तयार केलेलं बडोदा संस्थानाचं दोन खंडांचं गॅझेटियर (१९२३), जनगणनेचे अहवाल आणि संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल यांपासून सुरुवात करा. दुसरं मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी. १९१० मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहात जुनी मराठी आणि गुजराती पुस्तकं आहेत. विशेषतः संस्थानाच्या खर्चानं छापलेली, जी बाहेर सहज मिळत नाहीत. तिसरं गुजरात राज्य अभिलेखागाराचं बडोद्यातलं दफ्तर. हस्तलिखित कागद तिथेच. प्राच्य विद्यामंदिरात जाऊन आठवडा घालवणारेही भेटतात. ती संस्था संस्कृत हस्तलिखितांसाठी मोठी आहे, पण महसूल किंवा शिक्षणखात्याच्या विषयाला तिचा फारसा उपयोग नाही.

चौथं ठिकाण बडोद्याबाहेरचं. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर बडोद्याच्या रेसिडेन्सीचा (म्हणजे रेसिडेंट या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीचा) कारभार थेट हिंदुस्थान सरकारकडे गेला. त्याआधीच्या काळाचा रेसिडेंटचा बराचसा पत्रव्यवहार मुंबई सरकारशी असल्यामुळे तो मुंबईच्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात शोधावा लागतो. नंतरचा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, परराष्ट्र खात्याच्या कागदांत. दिल्लीचे बरेच कागद 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर नोंदणी करून घरबसल्या पाहता येतात. ही विभागणी माहीत नसल्यामुळे १८६० च्या दशकाचा विषय घेऊन विद्यार्थी दिल्लीची सूची चाळत बसतात, आणि "साधनं मिळाली नाहीत" असं प्रस्तावनेत लिहून मोकळे होतात.

तपासा: तुमच्या विषयावरच्या किमान पंचवीस-तीस प्राथमिक कागदांची नावं, तारखा आणि ठिकाणं एका पानावर लिहिता येतात का? येत नसतील तर विषय बदला किंवा कालखंड सरकवा. गाईडला हे पान दाखवा, मथळा नंतर.

## २. विषयाचा प्रश्न करणे

"सयाजीराव महाराज आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण" हा विषय आहे, प्रश्न नाही. यावर शंभर पानं लिहिता येतील आणि त्यात नवं एक वाक्यही नसेल.

अरुंद करताना चार गोष्टी बांधून घ्या: जागा, वर्षं, कोण आणि कोणता कागद. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू झाला. मग प्रश्न असा करता येतो: १९०६ नंतरच्या पहिल्या दहा वर्षांत नवसारी प्रांतात मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांकडून दंड किती झाला, किती वसूल झाला आणि माफी कोणत्या कारणांनी मिळाली? इथे जागा, वर्षं, माणसं आणि कागदाचा प्रकार सगळं ठरलं. उत्तर "हो" किंवा "नाही" किंवा "थोडंसं" असं येऊ शकतं. उत्तर आधीच माहीत असेल, तर तो संशोधनाचा प्रश्न नव्हे.

एम.ए.साठी दहा ते पंधरा वर्षांचा कालखंड आणि एक प्रांत किंवा एक महाल (तालुका) पुरतो. "१८७५ ते १९३९" अशी सबंध कारकीर्द घेणं हा उत्साह असतो, आणि तो तिसऱ्या आठवड्यात संपतो.

सावध: "योगदान", "दूरदृष्टी", "सुवर्णकाळ" हे शब्द मथळ्यात असतील तर ते काढा. निष्कर्ष मथळ्यात लिहून ठेवला की विरुद्ध बाजूचे कागद दिसूनही दिसेनासे होतात. बडोद्यात ही भीती जास्त, कारण महाराजांबद्दलचा आदर घरातूनच येतो. आदर असू द्या, त्याची जागा अर्पणपत्रिकेत.

## ३. छापील साधनं वाचताना

दफ्तरात जाण्याआधी त्या वर्षांचे प्रशासन अहवाल सलग वाचा. एकच वर्ष नको, सलग सगळी. अहवालात आकडे मिळतातच, पण मुख्य फायदा वेगळा: कोणत्या वर्षी कोणतं खातं निघालं, कोणता अधिकारी बदलला, कोणत्या हुकुमाचा उल्लेख आला हे कळतं, आणि त्यावरून दफ्तरात कोणती फाईल मागायची हे ठरतं.

इथे तीन चुका नेहमी होतात.

एक, वर्षाची. बडोद्याच्या प्रशासन अहवालांचं वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं चाले. ब्रिटिश मुलखातले आकडे बहुधा १ एप्रिल ते ३१ मार्चचे. दोन्हीकडे "१९१०-११" लिहिलेलं असलं तरी ती एकच बारा महिने नव्हेत. तुलनेचा तक्ता करण्याआधी प्रत्येक अहवालाच्या मुखपृष्ठावरची तारीख पाहून तक्त्याखाली टीप द्या.

दोन, पायाभूत संख्येची. १९०६ च्या सक्तीत मुलांची वयोमर्यादा ७ ते १२ आणि मुलींची ७ ते १० अशी होती. शाळेतल्या मुली मुलांपेक्षा कमी, एवढ्यावरून "समाजाचा मुलींच्या शिक्षणाला विरोध" असा निष्कर्ष काढला, तर दोन वयोवर्षांचा फरक कायद्यानंच केलेला होता हे विसरलं जातं. विरोध असेलही, तो सिद्ध करायला समान वयोगट काढावा लागेल.

तीन, हुद्द्यांची. बडोद्यात कलेक्टर आणि मामलेदार शोधू नका. प्रांताचा प्रमुख सुभा, त्याखाली नायब सुभा, महालाचा कारभार वहिवाटदाराकडे, शिक्षणखात्याचा प्रमुख विद्याधिकारी. तालुक्याला महाल म्हणत. हे शब्द माहीत नसले की सूचीत समोर असलेली फाईलही नजरेतून सुटते. पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर हुद्द्यांची आणि खात्यांची यादी सुरू करा. प्रांतांची नावंही तपासा: कडी प्रांतच पुढे मेहसाणा प्रांत म्हणून येतो, आणि दोन वेगळे समजून बेरीज करणारे निघतात.

कायदे आणि हुकूम राज्याच्या 'आज्ञापत्रिके'त छापून येत. कायद्याचा मूळ मजकूर तिथून घ्या, एखाद्या चरित्रातल्या सारांशावरून नको. लग्नाचं वय, शिक्षण, घटस्फोट अशा विषयांवर बडोद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानच्या आधी कायदे केले, पण मूळ कायद्यात सवलतींची कलमं असत, आणि चरित्रकार ती गाळतात.

## ४. दफ्तरातला पहिला आठवडा

पहिल्या दिवशी कागद मागू नका, सूची मागा. खातेनिहाय सूच्या, फाईल रजिस्टर, जुनी हस्तलिखित अनुक्रमणिका, जे असेल ते. दोन दिवस फक्त सूची वाचण्यात गेले तरी ते वाया जात नाहीत. सूची करणाऱ्यानं फाईलला दिलेलं नाव आणि आतला मजकूर यांत बरंच अंतर असतं: "किरकोळ" किंवा "परचुरण" अशा नावाखाली अर्ज आणि तक्रारी पडलेल्या असतात, आणि सामान्य माणसाचा आवाज तिथेच सापडतो. "महत्त्वाचे" या नावाखाली बहुधा साहेबांच्या भेटीचे कार्यक्रम.

मागणीचिठ्ठीवर दफ्तर (म्हणजे फाईलींचा गठ्ठा), फाईल आणि वर्ष तिन्ही लिहा. एका वेळी दोन-तीनच फाईली. सुट्ट्या, वाचनाची वेळ, छायाचित्राची परवानगी आणि शुल्क आधी विचारून घ्या. नियम बदलत असतात, सीनियरनं सांगितलेला आकडा धरून जाऊ नका.

कागद हाताळताना: पान उलटताना बोट ओलं करायचं नाही, घडी उलट बाजूनं मोडायची नाही, फाईलीतल्या कागदांचा क्रम बदलायचा नाही. क्रम हाही पुरावा असतो. अर्जावर खालच्या कारकुनाचा शेरा आधी आणि सुभ्याचा नंतर, हे त्या क्रमावरूनच कळतं.

दिवसाचा हिशेब वास्तव ठेवा. इंग्रजी टंकलिखित फाईल असेल तर दिवसाला शंभर पानं होतात. हस्तलिखित गुजराती किंवा मराठी असेल तर सुरुवातीला तीस-चाळीस. मोडी असेल तर पाच पानं झाली तरी चांगलं म्हणायचं.

तपासा: पहिल्या आठवड्याच्या शेवटी प्रश्न पुन्हा वाचा. कागद त्याचं उत्तर देत नसतील, पण शेजारच्या एखाद्या प्रश्नाचं देत असतील, तर प्रश्न आत्ताच बदला. दहाव्या आठवड्यात बदलता येत नाही.

## ५. टिपणं

फोटो काढणं म्हणजे वाचणं नव्हे. मोबाईलमध्ये दोन हजार फोटो आणि एकही टिपण नाही, ही अवस्था आता सर्रास दिसते. परवानगी असेल तरी आधी टिपण, मग फोटो. आणि फोटोची पहिली चौकट नेहमी फाईलच्या मुखपृष्ठाची, म्हणजे नंतर कोणतं पान कुठलं हे शोधत बसावं लागत नाही. त्याच संध्याकाळी फोटोंना फाईल क्रमांक आणि पान क्रमांकाचं नाव द्या.

एका कागदाला एक टिपण. त्यात या क्रमानं: अभिलेखागार, खातं, दफ्तर क्रमांक, फाईल क्रमांक, पान, कागदाचा प्रकार (अर्ज, हुकूम, यादी, हिशेब, पत्र), भाषा आणि लिपी, कागदावर आहे तशी तारीख, आणि खाली वेगळ्या ओळीत तिची इसवी तारीख, कोणी, कोणाला, तुमच्या शब्दांत तीन-चार ओळींचा सार, शब्दशः हवा तो उतारा अवतरणचिन्हांत, आणि शेवटी, वेगळ्या रंगात, तुमची शंका. सार, उतारा आणि शंका या तिन्ही गोष्टी कधीही एका परिच्छेदात मिसळू देऊ नका. तीन महिन्यांनी आपलंच वाक्य कागदातलं वाटायला लागतं आणि नकळत खोटा उतारा तयार होतो.

संगणकावर ठेवायचं असेल तर साधा तक्ता पुरे: एका ओळीत एक कागद, वर सांगितलेले रकाने, आणि एक जादा रकाना प्रकरणाचा. लेखनाच्या वेळी त्याच रकान्यावरून कागद गाळता येतात.

सावध: कागदात काय नाही तेही लिहा. "१९०९ च्या फाईलीत पान ४० ते ५२ गहाळ", "वसुलीचा रकाना कोरा". व्हायवात हाच प्रश्न येतो.

## ६. मोडी, सन आणि नाणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि परीक्षकाच्या डोळ्यांना त्या लगेच दिसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा विषय असेल तर मोडीशिवाय इलाज नाही. रोज एक तास दिला तर छापील मोडी दोन महिन्यांत वाचता येते. हातची मोडी हाताहाताप्रमाणे वेगळी. मोडीत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेला नसतो, अनुस्वार बहुधा गाळलेला असतो. म्हणून अक्षर लावून वाचू नका, वाक्य लावून वाचा. आधी मायने ओळखायला शिका: पत्राची सुरुवात आणि शेवट ठरावीक असतो, तो पाठ झाला की त्या लेखकाचं वळण आपोआप सापडतं. 'रा.रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, 'मौ' म्हणजे मौजे. अशा संक्षेपांची आपली यादी करा. शंका असलेल्या शब्दाखाली रेघ ओढा आणि प्रश्नचिन्ह ठेवा. अंदाजानं भरलेला शब्द पुढे कधी तपासला जात नाही.

आता सन. एकाच दफ्तरात चार-पाच कालगणना येतात.

शालिवाहन शक: चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९.

विक्रम संवत: गुजरातचा संवत कार्तिकात सुरू होतो. कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६ वजा. उत्तरेकडचा संवत चैत्रात बदलतो, त्यामुळे इंदूर किंवा ग्वाल्हेरहून आलेलं पत्र आणि बडोद्यातला कागद, दोन्हीवर संवताचा एकच आकडा असला तरी वर्षं वेगळी असू शकतात. छप्पनिया दुष्काळाचं उदाहरण घ्या. पाऊस बुडाला तो १८९९ च्या पावसाळ्यात, म्हणजे गुजरातच्या मोजणीनं अजून संवत १९५५ चालू असताना. ५६ लागलं ते त्या नोव्हेंबरात. फक्त "संवत १९५६" च्या फाईली मागवणाऱ्याला सारामाफीचे सुरुवातीचे अर्ज दिसणारच नाहीत.

सुहूर सन, म्हणजे मराठी कागदातला अरबी सन: मृगाच्या सुमाराला, जूनच्या आरंभी बदलतो. जून ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारी ते मे ६००. तो आकड्यांत नसतो, शब्दांत असतो, आणि एकम आधी येतो: अहद किंवा इहिदे १, इसने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९; अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०; मया १००, मयातैन २००, अलफ १०००. "खमस तिसैन मया व अलफ" म्हणजे ११९५, इसवी १७९४-९५. खमस आणि खमसैन, सबा आणि सबैन यांत घाई केली की चाळीस-साठ वर्षांचा घोळ होतो.

दख्खनी फसली: सुहूरपेक्षा ९ नी पुढे. म्हणजे ५९० किंवा ५९१ मिळवा.

'छ' या अक्षरानंतरचा आकडा हा मुसलमानी महिन्याचा चंद्र. "छ १५ रजब" म्हणजे रजबचा पंधरावा चंद्र. ती हिंदू तिथी नव्हे.

बेरीज-वजाबाकीनं वर्ष मिळतं, दिवस नाही. दिवसासाठी जंत्री पाहा, आणि कागदावर वार असेल तर तो जुळतो का ते पाहा. सयाजीरावांच्या दत्तकविधानाची २७ मे १८७५ ही तारीख गुरुवारी येते. एखाद्या टिपणात सोमवार निघाला तर तारीख किंवा वाचन, दोहोंपैकी एक चुकलं आहे.

हिशेबाच्या खुणा: आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '५॥' म्हणजे साडेपाच. तो पाचशे अकरा म्हणून तक्त्यात गेलेला असतो, आणि मग बेरीज जुळत नाही म्हणून कारकुनाला दोष दिला जातो. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पया. दशांशात आणताना प्रत्येक आण्याचे ०.०६२५ धरा, "आठ आणे" ०.८ नव्हेत.

रुपया कोणता तेही पाहा. बडोद्यात संस्थानाचा बाबाशाही रुपया चालत होता आणि त्याची किंमत इंग्रजी कलदार रुपयाहून कमी होती. दोन्हींची बेरीज करू नका. बदलाचा दर वेळोवेळी बदलत असे, म्हणून सबंध काळाला एकच दर लावू नका. त्याच वर्षाच्या कागदात दर मिळाला तर तो वापरा, नाहीतर बाबाशाही आकडे बाबाशाहीच ठेवा. जमिनीचा विघाही सगळीकडे सारखा नव्हता. एकरात रूपांतर करण्याआधी त्या महालाचं माप शोधा.

तपासा: मूळ हिशेबाखाली बेरीज असते. आपल्या वाचनाची बेरीज तिच्याशी जुळवा. जुळली नाही तर आधी आपलं वाचन तपासा, मग कारकुनाचं.

## ७. कागदाची उलटतपासणी

कागद सरकारी आहे म्हणून खरा, असं नसतं. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाला विचारा: हा कोणी लिहिला, कोणाला खूश किंवा गप्प करण्यासाठी, घटनेनंतर किती दिवसांनी, आणि लिहिणाऱ्याला हे कळलं कुठून?

प्रशासन अहवाल दिवाणाच्या कार्यालयातून येई आणि तो रेसिडेंटही वाचणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. त्यात अपयश सौम्य शब्दांत असतं. रेसिडेंटच्या पत्रात उलट दिशेचा स्वार्थ. वहिवाटदार वसुली कमी झाली की पाऊस कमी झाला असं लिहितो. अर्जदार स्वतःला नेहमीच "निराधार" म्हणवतो, कारण अर्जलेखकाचा मायनाच तसा असतो. या चौघांचं एका गोष्टीवर एकमत झालं तर ती बऱ्यापैकी भक्कम. एकाच दिवाणी अहवालातून उतरवलेली तीन पुस्तकं म्हणजे मात्र तीन साक्षीदार नव्हेत, एकच.

दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत सनदा, इनामपत्रं, पागेचे हिशेब अजून सापडतात. असे कागद वापरायचे असतील तर मालकाची लेखी परवानगी घ्या, तिथेच फोटो काढा, मूळ कागद घरी नेऊ नका. घरच्या मंडळींनी सांगितलेली हकिकत आणि कागदातला मजकूर वेगवेगळ्या टिपणांत लिहा. आजी सांगतात ते इनाम "महाराजांनी स्वतः दिलेलं" असतं. कागदात ते आधीच्या इनामाचं नुसतं पुढे चालवणं असू शकतं. हे लिहिण्याआधी घरच्यांना दाखवा, नाहीतर पुढच्या विद्यार्थ्याला ते दार बंद.

## ८. लेखनाचा क्रम

प्रस्तावना शेवटी लिहा. आधी मधलं, सगळ्यात भक्कम साधनांचं प्रकरण. कागद तारखेनं लावा, मग मुद्द्यानं. थेट मुद्द्यानं लावले तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

पार्श्वभूमीचं प्रकरण एकूण पानांच्या सहाव्या हिश्शापेक्षा मोठं नको. गायकवाड घराण्याची पिलाजीरावांपासूनची वंशावळ दंडवसुलीच्या प्रबंधात कोणालाही नको असते. प्रत्येक परिच्छेदात एक दावा, त्याचा कागद आणि त्या कागदाची मर्यादा. उतारा तीन-चार ओळींचा. मोठा असेल तर परिशिष्टात लिप्यंतरासह.

लिप्यंतर करताना मूळ शुद्धलेखन सुधारू नका. वाचकाच्या सोयीसाठी काही भरलं तर ते चौकटी कंसात. प्रबंध इंग्रजीत लिहीत असाल तर 'वहिवाटदार', 'सुभा', 'महाल' हे शब्द तसेच ठेवा आणि एकदाच अर्थ द्या.

सावध: "जनतेत असंतोष पसरला" असं लिहिताना थांबा. किती अर्ज, कोणत्या गावांचे, कोणत्या जातींचे किंवा धंद्यांचे? चार अर्ज असतील तर चार लिहा.

## ९. संदर्भ आणि साम्याची तपासणी

फूटनोट लिहितानाच टाका. नंतर टाकू म्हणून सोडलेली टाकली जात नाही. क्रम मोठ्याकडून लहानाकडे: अभिलेखागार, खातं, दफ्तर, फाईल, पान, तारीख. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेला दफ्तराचा उतारा स्वतः पाहिल्यासारखा देऊ नका. ज्या पुस्तकात पाहिला त्याचं नाव द्या. परीक्षक ती फाईल पूर्वी वाचलेले असू शकतात. बडोदा तसं लहान गाव आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाविना चालतं. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेले उतारे त्यात धरत नाहीत. पण गुजराती किंवा मराठी पुस्तकातून इंग्रजीत उतरवलेलं साम्य शोधणाऱ्या यंत्राला सापडलं नाही तरी ती चोरीच, आणि बडोद्यातल्या परीक्षकाला तिन्ही भाषा येतात.

सादर करण्याआधी दहा फूटनोटा अशाच कुठूनही निवडा आणि मूळ टिपणाशी ताडून पाहा. दोनहून जास्त चुकल्या तर सगळ्या तपासा.

## १०. व्हायवा

सोबत तीन गोष्टी न्या: पहिल्या टप्प्यातली साधनांची यादी, तारखांच्या रूपांतराचा तक्ता आणि न सापडलेल्या कागदांची नोंद. "हे साधन का नाही पाहिलं?" या प्रश्नाला "मिळालं नाही" हे उत्तर पुरत नाही. कोणत्या सूचीत, कोणत्या तारखेला शोधलं ते सांगा.

नोकरीच्या मुलाखतीत इतिहास शिकून काय येतं असं विचारलं, तर "चिकित्सक वृत्ती" म्हणू नका, सगळेच म्हणतात. तीन भाषांतल्या पाचशे पानांच्या फाईलीतून दोन पानांची टिपणी काढली, आकड्यांतली विसंगती कशी सापडली आणि ती कशी लिहिली, हे उदाहरणासह सांगा. सरकारी खातं, बँक, वकिलाचं ऑफिस, वृत्तपत्र, सगळीकडे हेच काम असतं. शक्य असेल तर एक टिपण आणि त्यावरून लिहिलेलं एक पान छापून सोबत ठेवा.

प्रबंधाची एक प्रत अभिलेखागाराला द्यायची अट परवानगीपत्रात असते का ते पाहा. असेल तर निकालाची वाट न पाहता, सादर केल्याच्याच आठवड्यात कोठीत नेऊन पोच घ्या.